डॉ. विमल मुंदडा यांच्या आमदारकीची बावीस वर्षे: लेख लिहिताना काय शोधावे, कुठे शोधावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीड जिल्ह्यातल्या केज मतदारसंघातून सलग पाच वेळा निवडून आलेल्या डॉ. विमल मुंदडा यांच्यावर महाविद्यालयाच्या अंकासाठी मोठा लेख लिहायचा आहे. हाती आहेत ती फक्त श्रद्धांजलीची कात्रणे आणि पदांची यादी. पुढे काय करायचे?

आधी सांगाडा लिहून टाका, तो एका परिच्छेदाचा मामला आहे. १९९० आणि १९९५ मध्ये भाजपच्या उमेदवार म्हणून विजय. १९९९, २००४ आणि २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसकडून विजय. २००४ नंतरच्या सरकारात सार्वजनिक आरोग्यमंत्री. मार्च २०१२ मध्ये आमदार असतानाच कर्करोगाने निधन. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचेच पृथ्वीराज साठे निवडून आले. एवढे लिहून झाले की बहुतेक स्मरणिकांतले लेख 'कणखर नेतृत्व' आणि 'विकासाची गंगा' यांच्याकडे वळतात आणि तिथेच बुडतात. तुमचा खरा लेख या सांगाड्याच्या पुढे सुरू व्हायला हवा, आणि त्याची सुरुवात बाईंपासून न करता मतदारसंघापासून करा.

केज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे उमेदवार सगळे अनुसूचित जातींचे आणि मतदार मात्र सगळ्याच समाजांचे. अशा जागेवर पाच वेळा निवडून यायचे तर स्वतःच्या समाजाच्या मतांवर भागत नाही. मराठा, वंजारी, मुस्लिम, ओबीसी, बाजारपेठेतले व्यापारी, सगळ्यांत ऊठबस लागते. मुंदडा हे सासरचे आडनाव. जातीचा दर्जा जन्माने ठरतो, लग्नाने बदलत नाही, म्हणून जातीचा दाखला आणि लग्नाआधीची प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने असणार हे गृहीत धरा. जुनी कागदपत्रे शोधताना दोन्ही नावांनी शोधले नाही तर अर्धे आयुष्य हातातून निसटते. बीडच्या माजी खासदार केशरकाकू क्षीरसागरांच्या बाबतीत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. बीडमध्ये सगळे त्यांना केशरकाकू म्हणतात, लोकसभेच्या नोंदीत मात्र त्या 'केशरबाई सोनाजीराव क्षीरसागर' आहेत.

आता निवडणुकीचा महिना बघा. ही गोष्ट बीड जिल्ह्याबाहेरच्या अभ्यासकाच्या लक्षात सहसा येत नाही. १९९० ची विधानसभा निवडणूक फेब्रुवारीत झाली आणि १९९५ ची फेब्रुवारी-मार्चमध्ये. हे महिने म्हणजे उसाचा गळीत हंगाम ऐन भरात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली ऊसतोड कामगारांची जोडपी तेव्हा सांगली, कोल्हापूर, पुणे, नगरच्या फडात किंवा कर्नाटकात असतात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. १९९९ ची निवडणूक सप्टेंबरात झाली, २००४ आणि २००९ ची ऑक्टोबरात, म्हणजे टोळ्या निघायच्या आधी किंवा निघायच्या बेतात असताना. त्यामुळे पहिल्या दोन निवडणुकांचे मतदान आणि पुढच्या तीन निवडणुकांचे मतदान एकाच पट्टीने मोजू नका. निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात मतदारसंघनिहाय पुरुष आणि महिला मतदानाचे आकडे वेगळे दिलेले असतात. पाचही निवडणुकांचे ते आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी लिहा आणि वर महिना टाका. 'महिलांनी भरभरून मते दिली' हे वाक्य लिहायचे की नाही, ते हा तक्ता सांगेल.

दुसरा खड्डा २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेचा. २००४ पर्यंतची निवडणूक जुन्या हद्दींवर झाली, २००९ ची नव्या. केजचे नाव तेच राहिले, आरक्षण तेच राहिले, पण गावे इकडची तिकडे झाली. बीड जिल्ह्यातला चौसाळा मतदारसंघ तर नकाशावरूनच गेला. म्हणून २००४ चे मताधिक्य आणि २००९ चे मताधिक्य यांची वजाबाकी करून 'लोकप्रियता वाढली' किंवा 'घटली' असे लिहिणे चूक. केंद्रनिहाय निकालाचा नमुना २० जिल्हा निवडणूक शाखेत मागा. जी गावे दोन्ही वेळा केजमध्येच होती तेवढीच निवडून तुलना करा. १९९० आणि १९९५ साठी मात्र मतदारसंघाच्या एकूण आकड्यांवरच भागवावे लागेल.

१९९९ चा पक्षबदल हा लेखाचा कणा आहे, आणि नेमका तोच भाग सगळे दोन ओळींत उरकतात. त्या वर्षी जूनमध्ये राष्ट्रवादीची स्थापना झाली आणि सप्टेंबरात लोकसभा व विधानसभा दोन्हींचे मतदान एकत्र झाले. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून होता, पण निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलून नव्या चिन्हावर उभे राहणाऱ्याला त्याची फारशी झळ बसत नाही, म्हणून तो मुद्दा इथे ओढू नका. बघायचे ते वेगळेच. त्याच मतदानात बीड लोकसभेची जागा भाजपच्या जयसिंगराव गायकवाडांनी जिंकली आणि केज विधानसभा मात्र भाजप सोडून गेलेल्या मुंदडांनी राखली. लोकसभेच्या निकालाचा विधानसभा क्षेत्रनिहाय तक्ता काढा आणि केजमध्ये भाजपच्या लोकसभा उमेदवाराला किती मते पडली व विधानसभा उमेदवाराला किती, हे समोरासमोर ठेवा. मतदार तेच, दिवस तोच. त्या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे पक्ष सोडूनही बाईंबरोबर राहिलेली मते, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. ढोबळच, कारण मैदानात तिसरे-चौथे उमेदवारही असतात. पण 'स्वतःची ताकद होती' या मोघम विधानापेक्षा हा अंदाज दहा पटीने कामाचा.

आता सभागृह. बावीस वर्षांत त्या विरोधी बाकांवर होत्या फक्त पहिली पाच वर्षे. १९९५ ते १९९९ युतीचे सरकार, तेव्हा त्या भाजपमध्ये. १९९९ नंतर आघाडीचे सरकार, तेव्हा त्या राष्ट्रवादीत. सत्ताधारी बाजूचा आमदार सरकारला अडचणीत आणणारे प्रश्न कमी विचारतो, त्याची कामे मंत्र्याच्या दालनात होतात. म्हणून त्यांच्यातली प्रश्नकर्ती आमदार शोधायची तर १९९० ते १९९५ ची कार्यवाही आधी काढा. मराठवाड्यासाठी ती वर्षेही साधी नव्हती: सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, जानेवारी १९९४ चा विद्यापीठाचा नामविस्तार, त्याच वर्षीचे राज्याचे पहिले महिला धोरण आणि वैधानिक विकास मंडळे. राखीव मतदारसंघातल्या, पेशाने डॉक्टर असलेल्या आणि पहिल्यांदाच निवडून आलेल्या भाजप आमदाराने या विषयांवर तोंड उघडले की मौन पाळले, दोन्ही नोंदवण्यासारखे आहे.

कार्यवाही मुंबईत विधान भवनातल्या विधानमंडळाच्या ग्रंथालयात मिळते. बरीचशी आता संकेतस्थळावरही आहे. शोधायची आयुधे ठरलेली: तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तराचे), अतारांकित प्रश्न (लेखी उत्तराचे), नियम १०५ खालची लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, नियम २९३ खालची चर्चा, औचित्याचा मुद्दा. एक तारांकित प्रश्न नीट वाचायला शिकलात तर बाकीचे सोपे जाते. सुरुवातीला सदस्यांची नावे, प्रत्येकापुढे कंसात मतदारसंघ. मग 'सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', आणि त्याखाली क्रमांक: १) अमुक ठिकाणी औषधांचा तुटवडा आहे हे खरे आहे काय, २) असल्यास चौकशी केली आहे काय, ३) चौकशीत काय आढळले, ४) नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तरात बहुधा 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही'. त्यातले 'अंशतः खरे आहे' जिथे दिसेल तिथे थांबा. विभागाने काहीतरी कबूल केल्याची ती खूण असते आणि पुढची कारवाई तिथूनच शोधता येते.

नावांच्या बाबतीत फसगत ठरलेली. एका प्रश्नावर दहा-पंधरा सदस्यांची नावे असू शकतात. यादीत पंधरावे नाव असलेल्या सदस्याच्या खात्यावर तो प्रश्न जमा करणे म्हणजे वऱ्हाडात आला म्हणून प्रत्येकाला नवरदेव समजणे. पहिले नाव कोणाचे, उपप्रश्न कोणी विचारला, आणि त्यात मतदारसंघातले गाव आले का, या तीन खुणा मिळाल्या तरच प्रश्न 'त्यांचा' म्हणा. प्रश्नोत्तराच्या तासात पुकारायची वेळच न आलेले प्रश्नही पुष्कळ असतात. त्यांची उत्तरे पटलावर ठेवलेली असतात, पण त्यांवर चर्चा झालेली नसते.

मंत्री झाल्यावर चित्र उलटते. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तर देतात. आरोग्यमंत्री असतानाच्या काळात त्यांच्या नावावर प्रश्न शून्य दिसले तर ते निष्क्रियतेचे लक्षण समजू नका. हाच घोळ सूर्यकांता पाटलांच्या २००४ ते २००९ च्या लोकसभा कारकिर्दीबद्दल होतो. त्या तेव्हा ग्रामीण विकास आणि संसदीय कामकाज खात्यांच्या राज्यमंत्री होत्या. शिवाय मंत्र्याच्या नावाने छापलेले लेखी उत्तर कक्ष अधिकाऱ्याने लिहिलेले असते आणि सचिवांच्या सहीने वर गेलेले असते, म्हणून ते 'बाई म्हणाल्या' असे उद्धृत करू नका. उपप्रश्नांना उभे राहून दिलेली उत्तरे मात्र त्यांची. डॉक्टर मंत्र्याला खाते किती कळत होते ते तिथे दिसते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, २००६ मध्ये राज्यात चिकुनगुन्याची साथ पसरली. या दोन विषयांवरची उपप्रश्नोत्तरे काढा, लेखाला पुरेल एवढा मजकूर तिथेच मिळेल.

आरोग्य खात्यावर लिहिताना एक आकडा टाळता येणार नाही. बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ८९४ होत्या, २०११ मध्ये ८०७. (२०११ च्या प्राथमिक आकडेवारीत ८०१ छापून आले होते. कात्रणांत तोच आकडा सापडेल. अंतिम ८०७ वापरा.) या दहा वर्षांतली काही वर्षे राज्याचे आरोग्य खाते याच जिल्ह्यातल्या एका महिला डॉक्टरकडे होते. यावरून आरोप करायचा नाही आणि हे झाकायचेही नाही. गर्भलिंगनिदानाचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो कडक झाला, आणि जिल्ह्यात त्याची अंमलबजावणी जिल्हा शल्यचिकित्सक व इतर समुचित प्राधिकाऱ्यांकडे असते. तेव्हा खात्याने त्या काळात कोणती परिपत्रके काढली, किती सोनोग्राफी केंद्रे तपासली, किती खटले दाखल झाले, हे माहिती अधिकारात मागा. मिळेल ते छापा, मिळणार नाही तिथे 'माहिती मिळाली नाही' असे छापा. असा परिच्छेद असलेला लेख घरच्यांना कदाचित रुचणार नाही, पण तो वाचणाऱ्याला बाकीच्या कौतुकावरही विश्वास बसेल.

कामांची यादी करताना कोनशिलेवर जाऊ नका, निदान फक्त कोनशिलेवर नको. कोनशिला भूमिपूजनाची की लोकार्पणाची, ते आधी वाचा. गावोगाव भूमिपूजनाच्या कोनशिला आहेत आणि मागे बाभळी उगवल्या आहेत. एखादे काम खरोखर झाले का, हे कागदांच्या साखळीवरून कळते: लोकप्रतिनिधीचे मागणीपत्र, उपअभियंत्याचे अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, देयके, पूर्णत्वाचा दाखला. साखळी बहुधा दोन ठिकाणी तुटते. एक, जागा: सातबारा दुसऱ्याच्या नावे किंवा गायरान. दोन, मान्यता मिळाली पण त्या वर्षी तरतूदच टोकन (नाममात्र) ठेवली, मग काम लटकले. शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावर सांकेतांकाने सापडतात, पण जुने सगळे तिथे नाहीत. त्यासाठी बांधकाम उपविभाग किंवा जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग गाठावा लागेल.

निधीचे आकडे त्या-त्या वर्षाचेच लावा. राज्यात आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी झाला तो २०२२ मध्ये. तो आकडा १९९० च्या दशकाला चिकटवणारे लेख छापून येतात. खासदार निधी तर १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाला, तोही पहिल्या वर्षी प्रत्येकी ५ लाखांचा. पुढे १ कोटी, १९९८ पासून २ कोटी, २०११ पासून ५ कोटी. म्हणजे केशरकाकू १९८०, १९८४ आणि १९९१ मध्ये बीडच्या खासदार झाल्या, त्यांतल्या पहिल्या दोन कारकिर्दींत त्यांच्या हाती स्वतःचा असा एक रुपयाही नव्हता. त्यांची कामे पत्रांतून, शब्दांतून आणि सहकारी संस्थांतून झाली. त्यामुळे आजच्या खासदाराशी कामांच्या संख्येची तुलना अर्थहीन ठरते.

माहिती अधिकाराचा अर्ज राज्यात कसा करायचा, तेही एकदा सांगून टाकतो, कारण निम्मे अर्ज तांत्रिक कारणाने परत येतात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण १५० शब्दांत. 'बावीस वर्षांतील सर्व कामांची माहिती द्यावी' असे लिहिले की 'माहिती विस्तृत आहे' म्हणून उत्तर आलेच समजा. त्याऐवजी 'आर्थिक वर्ष २००६-०७ मध्ये केज विधानसभा मतदारसंघात आमदार स्थानिक विकास कार्यक्रमांतर्गत मंजूर कामांची यादी: कामाचे नाव, गाव, मंजूर रक्कम, खर्च, सद्यःस्थिती' असे मागा. अर्ज जिल्हा नियोजन कार्यालयाला. वर्षागणिक वेगळा अर्ज. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर प्रथम अपील, त्याला २० रुपये. जुन्या वर्षांचे अभिलेख नष्ट केल्याचे उत्तर येऊ शकते. तसे आले तर नष्ट केल्याच्या नोंदवहीची प्रत मागा.

श्रेय देताना हात आखडता ठेवा. एक उदाहरण देतो. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यात नांदेड आणि हिंगोली दोन्ही होते. तेव्हा हिंगोलीच्या खासदार सूर्यकांता पाटील त्याच ग्रामीण विकास खात्यात राज्यमंत्री. जोडणी किती मोहक! पण ते २०० जिल्हे मागासलेपणाच्या निकषांवरून ठरले होते आणि पाटील यांच्या हस्तक्षेपाचा कागद हाती नसेल तर 'त्यांच्या प्रयत्नांमुळे' हे शब्द लिहायचे नाहीत. मुंदडांच्या बाबतीत अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाबद्दल अशीच घाई होईल. त्यात आणखी एक गोम आहे: वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण खात्याखाली येतात, सार्वजनिक आरोग्य खात्याखाली नाही. आरोग्यमंत्री म्हणून त्यांच्या अखत्यारीत होती ती प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये. आणि न झालेल्या गोष्टींनाही जागा द्या. अंबाजोगाई जिल्ह्याची मागणी त्यांच्या आधीपासूनची आणि त्यांच्या नंतरही तशीच आहे.

तुलनेसाठी मराठवाड्यातल्या इतर महिला लोकप्रतिनिधी घ्यायच्या तर त्यांच्या वाटा किती वेगळ्या होत्या ते दाखवा. सूर्यकांता पाटील हदगावच्या आमदार, मग राज्यसभा, १९९१ मध्ये नांदेडच्या खासदार, १९९८ आणि २००४ मध्ये हिंगोलीच्या. एक मतदारसंघ त्यांना मुंदडांसारखा कायमचा लाभला नाही. रजनी पाटील १९९६ मध्ये भाजपकडून बीडच्या खासदार आणि पुढे काँग्रेसकडून दोनदा राज्यसभेत. २००४ मध्ये मराठवाड्यातल्या आठ लोकसभा जागांपैकी तीन जागी महिला निवडून आल्या: हिंगोलीतून सूर्यकांता पाटील, लातुरातून शिवराज पाटील चाकूरकरांना हरवून रूपाताई पाटील निलंगेकर, उस्मानाबादेतून कल्पना नरहिरे. २००९ मध्ये एकही नाही. मधल्या काळात पुनर्रचनेने लातूर राखीव झाले आणि उस्मानाबाद खुले. म्हणजे दोन महिला खासदारांच्या पायाखालची जमीन आरक्षणाच्या फेरबदलाने सरकली. केजचे आरक्षण मात्र टिकले. मुंदडांच्या सलग पाच विजयांत त्यांच्या कर्तृत्वाइतकाच या टिकण्याचा वाटा आहे, असे माझे मत. हे लिहिल्याने त्यांची उंची कमी होत नाही.

घराण्याचा भाग थोडक्यात आणि सरळ लिहा. सून नमिता मुंदडा २०१४ मध्ये राष्ट्रवादीकडून लढल्या आणि भाजपच्या संगीता ठोंबरे यांच्याकडून हरल्या. २०१९ आणि २०२४ मध्ये त्या भाजपकडून निवडून आल्या. २०१४ चा पराभव नीट अभ्यासा. सहानुभूती दोन-अडीच वर्षांत किती ओसरते आणि राज्यभरची लाट आली की व्यक्तिगत मतपेढी किती टिकते, याचे उत्तर त्या एका निकालात आहे.

मुलाखती शेवटी घ्या, कागद वाचून झाल्यावर. आधी घेतल्या तर लोक सांगतील तेच खरे वाटते. स्वीय सहायक, गावचे बूथ सांभाळणारे जुने कार्यकर्ते, अंबाजोगाईच्या मोंढ्यातला एखादा आडत्या, दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका, आणि विरोधात लढलेल्या उमेदवाराची माणसे, हे सगळे हवेत. 'बाई कशा होत्या?' असे विचारलेत तर 'लई चांगल्या व्हत्या' एवढेच मिळेल. त्याऐवजी विचारा: बाईंना भेटायला किती वाजता जायचे? चिठ्ठी कोण घ्यायचे? बदलीचे काम असेल तर काय म्हणायच्या? १९९९ ला गावातले कोण बाईंबरोबर गेले आणि कोण राहिले? वर्ष चुकले तर टोकू नका, त्या वर्षी पाऊस कसा होता, कारखान्याचा पट्टा पडला होता का (गाळप संपले होते का) ते विचारा, माणूस आपोआप बरोबर सालावर येतो. विरोधकाचे म्हणणे नावानिशी छापायचे असेल तर त्याला मजकूर वाचून दाखवा आणि होकार लेखी घ्या.

अंकात चार पाने मिळणार असतील तर त्यातले एक पूर्ण पान १९९० ते १९९५ च्या सभागृहातल्या कामाला आणि १९९९ च्या निवडणुकीला द्या. आरोग्य खात्याला एक. मतदारसंघातल्या कामांना एक, पण त्यात पाचच कामे घ्या, ज्यांची कागदांची साखळी पूर्ण सापडली आहे अशीच. उरलेल्या पानावर पाच निवडणुकांचा तक्ता आणि मुलाखतींतले निवडक बोल. सत्काराचे फोटो टाळा. विधानसभेत उभे राहून बोलतानाचा एखादा फोटो मिळाला तर तोच मोठा छापा आणि खाली अधिवेशन व साल लिहायला विसरू नका.